फुटाचा भाव आणि घराचा खर्च

बाबू, ठेकेदाराने तुला 1,650 रुपये फूट सांगितले. 800 फुटांचं घर, म्हणजे 13 लाख 20 हजार. बँक 12 लाख देते, तुझ्याजवळ 3 आहेत. वर उरलेल्या 1 लाख 80 हजारांत सोफा आणि कूलर बसतो, असा हिशेब तू आणि सूनबाईने मांडला. मास्तर माणूस तू, गुणाकार चुकणार कसा? पण त्या 1,650 मध्ये काय काय धरलं आहे, ते विचारलंस का?

मी मूल-सावलीकडे आधी मिस्त्री म्हणून राबलो, मग ठेके घेतले. म्हणून सांगतो, फुटाचा भाव हा भिंती आणि स्लॅबचा असतो. ठरावीक खोलीचा पाया, विटकाम, स्लॅब, छपाई, साधी फरशी, मोजके लाइटचे पॉइंट आणि दारं-खिडक्या एवढं त्यात येतं. पाया चार फुटांच्या खाली गेला की जादा. जोत्यात भरायचा मुरूम जादा. स्लॅबवरची बुटकी भिंत, पाण्याची टाकी, बोअर, सेप्टिक टँक, आवाराची भिंत, फाटक, वीजमीटर, नकाशाची मंजुरी यातलं बहुतेक काही त्यात नसतं. 1 टक्का कामगार उपकर तुझ्या घराला लागतो का तेही विचार, तो मंजुरीच्या वेळीच मागतात. ठेकेदार खोटं बोलत नाही. तू विचारलं नाहीस, त्याने सांगितलं नाही.

आणि फूट कोणता तेही विचार. आतली मोकळी जागा मोजणार, की भिंतींसकट, की स्लॅब जिथपर्यंत बाहेर निघाला तिथपर्यंत? दोन-दोन फुटांचा छज्जा चारही बाजूंनी काढला तर 800 फुटांच्या घराचा स्लॅब हजाराच्या वर जातो. मापाची ही ओळ कागदावर लिहून घे, बोलण्यावर ठेवू नको.

आता जागेचं. तू पाहिलेला चामोर्शी रोडचा प्लॉट धानाच्या बांधीत पाडलेल्या लेआउटमधला आहे. दलाल म्हणतो, सगळं क्लिअर आहे. दलालाला सगळंच क्लिअर दिसतं. तू सात-बारा काढ आणि तीन गोष्टी पहा. पहिली, भोगवटदार वर्ग 1 आहे की 2. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही. दुसरी, जमीन मूळ आदिवासी खातेदाराची आहे का. जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36-अ कलमाने अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीच्या नावे होत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, नोटरी केली, असलं सांगून विकणारे आपल्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत पायलीचे पन्नास आहेत. त्या कागदावर घर उभं राहतं, मालकी उभी राहत नाही.

तिसरी गोष्ट पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाला कळायची नाही. झुडपी जंगल. ना धड जंगल ना धड शेत अशी ही जमीन आपल्याकडे गावोगाव आहे. तिच्यावर शाळा उभ्या आहेत, वस्त्या आहेत, सरकारी कचेऱ्यासुद्धा आहेत. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच आहे असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 च्या आधी रीतसर वाटप झालेल्या जागांसाठी मार्ग ठेवला आहे, पण नव्याने घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. जुने सात-बारे काढून जमिनीचा प्रकार काय लिहिला आहे ते पहा. फी किरकोळ लागते. एवढ्या किरकोळ पैशात एवढं मोठं नुकसान टाळणारं दुसरं काही घरबांधणीत नाही.

पाण्याचं गावातल्या म्हाताऱ्यांना विचार. 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणाचं पाणी सोडल्यावर वैनगंगा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या गावांत शिरली. 2022 च्या जुलैत चंद्रपुरात इरई वस्त्यांत घुसली. भामरागडला पर्लकोटेचं पाणी बाजारात येणं तर पावसाळ्याचा नेमच. तुझ्या प्लॉटजवळ नदी नाही हे खरं, पण बांधीत प्लॉट आहे म्हणजे एकेकाळी तिथे मुद्दाम पाणी अडवून ठेवत होते. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. ऑगस्टमध्ये जाऊन उभा राहा, पोटऱ्या किती भिजतात त्यावरून जोत्याची उंची ठरव.

तुझा तो चंद्रपूरचा मित्र घुग्घूसला जुनं घर घेतो म्हणतो, त्यालाही निरोप दे. कोळशाच्या पट्ट्यात वरची जमीन पाहून भागत नाही. खाली जुनी भूमिगत खाण आहे का ते विचारावं लागतं. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. तिथे घर स्वस्त मिळत असेल तर ते का स्वस्त आहे, हा पहिला प्रश्न.

पायाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे गडप होतो आणि नंतर कोणाला दिसतही नाही. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा काळ्या मातीचा भाग. ती माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. तिथे कडक मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि खालून सगळीकडे प्लिंथ बीम फिरवायचा. तुझ्याकडे बांधीची चिकण माती आहे. ती काळीइतकी दगाबाज नाही, पण ओली असताना लोण्यासारखी. इसार देण्याआधी मालकाला विचारून कोपऱ्यात पाच-सहा फुटांचा खड्डा कर. एका मजुराचा अर्धा दिवस लागेल. मुरूम कुठे लागतो ते पहा. सहा फुटांवरही लागला नाही तर पायाचा खर्च बोलीच्या दीडपट धर.

भरावाचं गणित मास्तरला आवडेल. 800 फुटांचं जोतं रस्त्यापासून तीन फूट उंच करायचं, म्हणजे 2,400 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून 24 ब्रास. पण हा दाबून बसलेला मुरूम झाला. ट्रॉलीत येतो तो फुसका. पाणी मारून धुम्मस केल्यावर तो पाव हिश्श्याने बसतो. म्हणून 30 ते 32 ब्रास लागेल. यातला एक घमेलंही तुझ्या 1,650 मध्ये नाही. पैसे वाचवायला काही जण शेतातली मातीच आत टाकतात. तिसऱ्या वर्षी फरशी मधोमध बसते, मग पाय ठेवला की डबडब वाजते.

मालाचं आता. रेती वैनगंगेची घे, आपल्याकडे तिच्या तोडीची नाही. पण रॉयल्टीची पावती गाडीवाल्याकडून मागून घे. रात्रीची रेती दोन पैसे स्वस्त पडते खरी, आणि पकडली गेली की ट्रॅक्टर तहसीलमध्ये आणि तुझे आगाऊ दिलेले पैसे ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात. पावसाळ्यात घाट बंद असतात. म्हणजे जूनच्या आधी लागेल तेवढी टाकून घ्यावी लागते, नाहीतर ऑगस्टमध्ये मागेल तो भाव.

ट्रॉली आली की टेप लाव. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 100, एवढे ब्रास. चालक म्हणेल एक ब्रास, टेप म्हणेल पाऊण. आणि रेती कोरडी आहे की दमट ते पहा. किंचित दमट रेती फुगते, पाव हिस्सा सहज वाढते. पाच ट्रॉल्या दमट रेती घेतली तर चारच्या आसपास कोरडी हाती येते. मातीचा अंश पाहायचा तर काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर मिठाचं पाणी, खडखड हलवून तीन तास ठेव. वर गाळाचा थर बसेल. रेतीच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड दिसला तर ट्रॉली परत.

लोहा वजनावर घेतात, पण नग मोजून खात्री करता येते. मिलिमीटरचा वर्ग करून 162 ने भाग, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मीटरची पूर्ण सळई घेतली तर 8 मिलिमीटरची पावणेपाच किलो, 10 ची 7.4, 12 ची साडेदहाच्या थोडी वर. शंभर नग मोजले, बिलातलं वजन फार वेगळं निघालं, तर एकतर काटा खोटा किंवा सळई बारीक. दोन्हीत तोटा तुझाच.

सिमेंट आपल्या घरचं. गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस, सारा देश इथलं सिमेंट नेतो. सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हा जुन्या भावाने कोणी कोटेशन दिलं असेल तर नवं माग. स्वस्त मिळतं म्हणून 200 चुंगड्या एकदम आणून ठेवू नको. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद पाचव्या हिश्श्याने तरी उतरते, आपल्या पावसाळ्यात त्याहून जास्त. अंदाज हवा तर पाच इंच जाडीच्या 100 फूट स्लॅबला साडेनऊ-दहा चुंगड्या लागतात. मिस्त्री सात म्हणाला तर तो तुझे पैसे वाचवत नाही, तुझा स्लॅब खातो.

विटेत लाल की राखेची हा वाद घालत बसू नको. दुर्गापूरच्या वीजकेंद्राची राख आपल्या छातीत जाते तशी भिंतीतही जाऊ दे, निदान कामाला येते. राखेची वीट एकसारखी निघते म्हणून छपाईत मसाला कमी लागतो. लाल वीट चांगली भाजलेली असेल तर तिच्यासारखी नाही, पण तशी मिळणं कठीण झालं आहे. कोणतीही घे, एक वीट कोरडी तोल, रात्रंदिवस पाण्यात ठेवून पुन्हा तोल. तीन किलोची वीट 600 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर तो भट्टा सोड.

आता ज्या खर्चाची ओळ कोणत्याच कोटेशनमध्ये नसते तो सांगतो. पाणी आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45-46 ला जातो. अशा उन्हात 800 फूट स्लॅबवर बांधलेल्या पाण्यातून रोज आठशे-नऊशे लिटर नुसतं उडून जातं. दोन इंच पाणी उभं करायलाच आधी पावणेचार हजार लिटर लागतं. भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी सांगितलं आहे. राख मिसळलेल्या सिमेंटला आणि कोरड्या कडक उन्हात 10. मी 15 सांगतो. उन्हाळ्यात बोअर आटलेला, टँकरवाला नखरे करतो, मजूर दुपारी गायब, म्हणून पाणी चौथ्या दिवशीच थांबतं. तो स्लॅब गळतो. मग दर पावसाळ्यात डांबर, केमिकल, ताडपत्री. म्हणून बोअर आधी, पाया नंतर. पाणी लागलं नाही तर निदान घर बांधण्याआधी कळेल.

मग काम सुरू कधी करायचं? दिवाळीनंतर, असं सगळेच सांगतात. पण दिवाळीनंतर धान कापणी आणि चुरणी असते, महिनाभर मजूर मिळत नाही. जानेवारीनंतर आपल्याकडचे हात मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्चमध्ये मोहफूल, एप्रिलअखेरीपासून तेंदूपत्ता. तेंदूपत्त्याच्या हंगामात दोन आठवड्यांत मजुरीहून जास्त पैसे सुटतात, तेव्हा तुझ्या गिलाव्याला कोण थांबेल? मीही थांबलो नसतो. जुलैत रोवणी. म्हणून मिस्त्रीशी बोलताना त्याचे मजूर कुठले ते विचार. गावचे असतील तर हंगाम धरून कामाची आखणी कर. डिसेंबरच्या मध्यात पाया, फेब्रुवारी संपण्याआधी स्लॅब, होळीनंतर आतली छपाई. एवढं जमलं तर पाणी कमी लागतं आणि काम अडत नाही.

काम अडण्याची किंमत मोज. 12 लाखांचं कर्ज पूर्ण उचललं आणि व्याज साडेआठ टक्के धरलं, तर महिन्याला 8,500 रुपये नुसतं व्याज. वर सध्याच्या खोलीचं भाडं. चार महिने काम लांबलं की एका खोलीची फरशी गेली. बँकेकडून पैसा टप्प्याटप्प्याने उचल आणि ठेकेदारालाही टप्प्यानेच दे. तारखेवर देऊ नको. जोतं झालं की इतके, स्लॅब पडला की इतके. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेव आणि हे आधीच लिहून घे. चांगला ठेकेदार कुरकुर करेल पण कबूल होईल.

छताबद्दल सूनबाईने विचारलं होतं की एक भाग कवेलूंचा ठेवला तर? गारव्याच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे. सागाच्या फाट्यावर कवेलूंचं छप्पर आणि मातीची जाड भिंत, आमच्या लहानपणी मे महिन्यात दुपारी झोप लागायची. कवेलू कोणी सोडले ठाऊक आहे? माणसांनी नाही, माकडांनी सोडायला लावले. काळतोंड्यांचा कळप एकदा छतावरून गेला की शे-दीडशे कवेलू फुटले. दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचं, आणि शाकारणारा माणूस आता मिळत नाही. म्हणून सगळ्यांनी टिन टाकलं आणि उन्हाळाभर आत भाजून निघतात. तुझं स्लॅबचंच कर, पण दोन गोष्टी वाढव. छताची उंची 10 ऐवजी 11 फूट ठेव आणि पश्चिमेला छपरी काढ. पश्चिमेची भिंत सावलीत राहिली की कूलरच्या बिलात फरक पडतो. स्लॅबवर पांढरा चुना दर एप्रिलला मार, खर्च नावाला येतो.

लाकूड. अयोध्येच्या मंदिराला आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला बल्लारपूरच्या आगारातून सागवान गेलं. म्हणून आपल्याला जंगलातलं लाकूड स्वस्त मिळतं असं पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं. आलापल्लीच्या सागाला लिलावात देशभरातून गिऱ्हाईक येतं, भाव आपल्यालाही तोच. रात्री दारात आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नको. वनखात्याचा हातोडा नसलेली चौकट घरात सापडली तर घरापेक्षा वकील महाग. शेतातलं स्वतःचं सागाचं झाड तोडायलाही परवानगी आणि वाहतुकीचा परवाना लागतो. माझं म्हणणं, मुख्य दार सागाचं कर, बाकी चौकटी सिमेंटच्या बसव. वाळवीही लागत नाही. ओलं लाकूड तर फुकट दिलं तरी घेऊ नको, पहिल्या उन्हाळ्यात दार वाकडं होतं आणि पावसाळ्यात लागत नाही.

बांबूचं कौतुक मला आहे. लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये तिने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला सुरुवात केली. आता अशा ग्रामसभांकडून बांबू सरळ घेता येतो. छपरीला, आवाराच्या ताट्यांना, वरच्या माळ्याला वापर. तीन वर्षांवरचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात मुरवलेला हवा, नाहीतर भुंगा वर्षभरात पीठ पाडतो. पण पूर्ण घर बांबूचं करायचं असेल तर वायरिंग आणि आगीची व्यवस्था त्याच खर्चात धरावी लागते. चिचपल्लीच्या बांबू केंद्राची देखणी इमारत फेब्रुवारी 2021 मध्ये जळाली, त्याचं मोठं दुःख झालं होतं.

तुझ्या धाकट्या भावाला धानोऱ्याकडे गावी घरकुल मंजूर झालं, त्याची मला तुझ्यापेक्षा जास्त काळजी आहे. त्याच्याजवळ पगार नाही. त्याचं गणित कर. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागाला 1,20,000 आणि डोंगराळ, नक्षलग्रस्त धरलेल्या भागाला 1,30,000 असा आकडा 2016 साली ठरला. राज्याने 2025 मध्ये 50,000 वाढवले, त्यातले 15,000 छतावरच्या सोलरचे, म्हणजे बांधकामाला 35,000. रोजगार हमीच्या 95 दिवसांची मजुरी 2025-26 च्या 312 रुपये दराने 29,640. शौचालयाचे 12,000. सगळे मिळून 2,06,640. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 फूट. फुटाला पडले 768 रुपये. तुला ठेकेदाराने सांगितलेल्या भावाच्या निम्मेसुद्धा नाहीत.

उरलेले पैसे कुठून येतात? बायकोच्या अंगावरचं सोनं, बचतगटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता, नाहीतर बैलजोडी. त्यात हप्ते फोटोवर मिळतात. जोत्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता, आणि तोवर दुकानदाराची उधारी. म्हणून त्याला सांग, 269 च्या वर एक फूटही वाढवू नको. शेजाऱ्याने 450 फूट काढलं म्हणून आपणही काढायचं आणि मग चार वर्षं भिंती उघड्या ठेवून बाजूच्या झोपडीत राहायचं, अशी घरकुलं मी दर गावात दाखवतो. राज्याच्या 2025 च्या रेती धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, ती अर्ज करून माग. घाटावरची रेती फुकट मिळाली तरी ट्रॅक्टरचं भाडं फुकट नसतं, म्हणून गावातल्या चार घरकुलांनी मिळून गाडी लावावी. जुनं मातीचं घर पाडू नको. धान आणि मोहफूल तिथेच ठेवू दे. 2021 पासून गडचिरोलीत हत्तींचा कळप फिरतो आहे, आणि हत्ती धान्याच्या वासावर घर फोडतो. माणसं झोपतात त्या खोलीत पोती नकोत.

लोकांवरचा खर्च विसरू नको. भूमिपूजन, चौकट बसवताना मिस्त्रीला टॉवेल-नारळ आणि वर काही, स्लॅबच्या दिवशी वीस-पंचवीस माणसांचं जेवण, त्यातही बोकड्याची मागणी, शेवटी वास्तू. वास्तूवर तू किती उडवणार ते मला माहीत आहे, सासुरवाडी मोठी आहे तुझी. स्लॅबचं जेवण मात्र मनापासून दे. त्या दिवशी रेजा आणि मजूर सकाळपासून अंधार पडेपर्यंत घमेली वाहतात आणि मध्ये थांबता येत नाही, नाहीतर स्लॅबला जोड पडतो. रेजांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी देतात. तू तसं करू नको. कामगारांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का तेही विचार. वर्षात 90 दिवस काम केलेल्याला ती करता येते. पाय घसरून कोणी पडला तर तुझ्या आणि त्याच्या दोघांच्या कामाची गोष्ट आहे.

वही सूनबाईकडे दे. रोज संध्याकाळी किती चुंगड्या फुटल्या, किती ट्रॉल्या आल्या, कोणाला किती दिले. तू शाळेत असशील, ती येता-जाता बघेल. बाईमाणूस विचारतंय म्हटलं की मिस्त्री आधी हसतो, आठ दिवसांनी हिशेब आपणहून आणून देतो.

आता तुझ्या आकड्याचं. जादा पाया, भराव, बोअर, टाकी, सेप्टिक, आवार, मीटर, पाणी, व्याज आणि जेवणावळी धरल्या तर बोलीच्या वर तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे 1,650 चे 2,200 झाले. 800 फुटांना 17 लाख 60 हजार. तुझ्याजवळ सगळे मिळून 15 आहेत, आणि प्लॉटची नोंदणी-स्टॅम्प वेगळेच. राहिलेल्या 2 लाख 60 हजारांसाठी सोसायटीचं दुसरं कर्ज काढशील, हे मी आत्ताच सांगतो, आणि पोरीच्या शिक्षणाच्या वेळी ते अंगावर येईल. 650 फूट बांधलंस तर 14 लाख 30 हजार होतात, 70 हजार हाताशी राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, छपरी त्यात नीट बसतं. नकाशा 650 चा काढून घे.